वाचक विचारतात : मैदानात उतरल्यावर लोकांची नजर बदलते का?

मागच्या अंकात आपण दिव्यांग लेकरांच्या शाळेबद्दल लिहिलं होतं, त्यानंतर जे मेसेज आणि पत्रं आली त्यात बहुतेकांनी खेळाबद्दलच विचारलंय. सगळ्यांना उत्तर देणं जागेअभावी जमणार नाही, म्हणून वेगवेगळ्या तऱ्हेचे प्रश्न निवडलेत. नावं मुद्दाम काढून टाकलीत.

"ताई नमस्कार, माझा मुलगा १३ वर्षांचा आहे. सेरेब्रल पाल्सी आहे, पायात ताकद नाही, हात चालतात पण ताठरतात. डोकं एकदम चांगलं, गणितात वर्गात पुढं. पीटीच्या तासाला सर त्याला लिंबाखाली बसवून सगळ्यांची दप्तरं सांभाळायला सांगतात. आता विशेष शिक्षक म्हणू लागलेत की याला गोळाफेकीला जिल्ह्याला नेऊ. सासूबाई म्हणतात नको, चारचौघात लेकराचं हसू करून घ्यायचं का. मिस्टर काहीच बोलत नाहीत. पाठवू का? खेळल्यानं खरंच लोकांची नजर बदलते का?" – एक आई, ता. जिंतूर, जि. परभणी

पाठवा. आधी उत्तर दिलं, आता कारण सांगते.

सासूबाईंवर चिडू नका. त्यांनी आयुष्यभर जे बघितलं त्यावरून त्या बोलायल्यात, आणि बघितलंय काय, तर लग्नात, जत्रेत, बसस्टँडवर असं लेकरू दिसलं की लोक वळून वळून बघतात, चुकचुकतात, एखादी बाई तर मागच्या जन्माचं काढून मोकळी होते आणि त्या लेकराची आई मान खाली घालून उभी राहते. त्यांना वाटतंय मैदानावरही हेच होणार, फक्त जास्त लोकांसमोर. नातवावर माया आहे म्हणूनच त्या नको म्हणतात.

पण लग्नात तुमचा मुलगा नुसता बसलेला असतो, त्यामुळे बघणाऱ्याला त्याच्या पायांशिवाय दुसरं काही दिसतच नाही. मैदानावर तो काहीतरी करत असतो आणि ते टेपनं मोजलं जातं. बसून गोळा फेकायचा म्हणजे काय असतं ते सांगते, म्हणजे घरी सासूबाईंनाही सांगता येईल. लोखंडी खुर्ची असते, ती जमिनीत पक्की करून चारी बाजूंनी पट्ट्यांनी ताणून बांधतात, इतकी की हलता कामा नये. त्यावर खेळाडूला बसवून मांड्यांवरून, कमरेवरून पट्टे आवळतात. पुढं एक दांडा असतो, तो एका हातानं धरायचा, दुसऱ्या हातातला गोळा मानेला लावायचा आणि कमरेच्या वर जेवढी ताकद आहे तेवढी सगळी एका झटक्यात बाहेर काढायची. फेकताना बूड सीटवरून उचललं की फाऊल, लाल झेंडा. पंच तिथं बिलकुल दया करत नाहीत, आणि मला विचाराल तर हेच सगळ्यात मोठं आहे, कारण बहुतेक वेळा तुमच्या लेकराला पहिल्यांदाच कुणीतरी इतरांसारखं "चुकलं, परत कर" म्हणणार असतं. बाहेर उभे असलेले लोक पहिल्या फेकीला "याला काय झालंय" विचारतात आणि तिसऱ्या फेकीला "किती गेला, किती गेला" विचारायला लागतात. नजर बदलते म्हणजे दुसरं काही नाही, हे प्रश्न बदलतात.

आणि हे काही मुंबई-पुण्याचं सांगत नाहीये. भाग्यश्री जाधव आपल्या नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्यातली, होनवडजची. ती एफ-३४ गटात बसून गोळा फेकते. यातला एफ म्हणजे फील्डवरचे खेळ, आणि ३१ ते ३४ हे गट म्हणजे ज्यांचे स्नायू ताठरतात किंवा हालचालीवर ताबा कमी असतो आणि जे बसून खेळतात त्यांचे. तुमच्या मुलाचं जे निदान आहे ते याच बाजूला येतं, नेमका गट मात्र तपासणारे तज्ज्ञच ठरवतात. भाग्यश्री टोकियो पॅरालिम्पिकला गेली, २०२४ मध्ये जपानच्या कोबेला जागतिक स्पर्धेत ७.५६ मीटर फेकून रौप्य मिळवलं, आणि २८ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस पॅरालिम्पिकला उद्‌घाटनाच्या दिवशी भालाफेकपटू सुमित अंतिलच्या जोडीनं भारताचा झेंडा तिच्या हातात होता. तिथं ती पाचवी आली, पदक नाही मिळालं. पण जगात पाचवी हो! मुखेड तालुक्यातल्या पोरीबद्दल आपण हे बोलतोय, हे सासूबाईंना मोबाईलवर फोटो दाखवून सांगा, नुसतं बोलून त्यांना पटणार नाही.

दोन गोष्टी खऱ्या खऱ्या सांगून ठेवते. पहिल्या दिवशी कुणीतरी हसेल. जास्त करून दुसऱ्या शाळेची पोरं हसतात, मोठी माणसं बघत राहतात. लेकराला आधीच सांगून ठेवा की असं होऊ शकतं आणि तू तुझ्या फेकीकडं लक्ष दे, अचानक झालं तर ते जास्त लागतं. दुसरं, सकाळी थंडीत स्नायू जास्त ताठरतात, तेव्हा मैदानावर नेऊन लगेच फेकायला लावू नका, हात-खांदे सैल करायला वेळ द्या आणि जायच्या आधी फिजिओथेरपीवाल्या डॉक्टरांना एकदा दाखवा.

मिस्टरांबद्दल: त्यांना मैदानावर न्या. घरात समजावू नका, फक्त म्हणा की खुर्ची बांधायला माणूस लागतो. बाप लोक बोलून तयार होत नाहीत, हाताला काम दिलं की होतात, हे मी शाळेत पीटी शिकवत असताना खूप वेळा बघितलंय. पट्टे आवळताना, गोळा परत आणून देताना ते कधी कोच झाले ते त्यांनाही कळत नाही.

आणि त्या सरांना जाऊन सांगा की दप्तरं सांभाळायला लिंबाचं झाड पुरेसं आहे, माझ्या मुलाच्या हातात बॉल द्या.

"मॅडम, मी औसा तालुक्यात जि.प. शाळेवर शिक्षक आहे, खेळाचा तास माझ्याकडेच आहे. वर्गात ४० पोरं, त्यात एक मुलगा पूर्ण अंध आणि एका मुलीचा एक पाय जन्मतः आखूड. त्यांना खेळवावं असं मनापासून वाटतं पण इजा झाली तर पालक मलाच धरतील ही भीती, शिवाय साहित्याला पैसे नाहीत. बाकीची पोरं त्या दोघांना सांभाळून घेतात, खोखोमध्ये त्या मुलीला मुद्दाम आऊट करत नाहीत. हे चांगलंच आहे ना?" – एक शिक्षक

सर, पोरांचं मन चांगलं आहे, पण मुद्दाम आऊट न करणं चांगलं नाही. त्या पोरीला ते पहिल्या दिवशीच कळलेलं असतं. तिला खेळात घेतलंय पण मोजलेलं नाही.

सोपा उपाय आहे. त्या दोघांना इतरांच्या खेळात ओढत आणायचं सोडा आणि इतरांना त्यांच्या खेळात न्या. मुलीसाठी बसून खेळायचा व्हॉलीबॉल, सिटिंग व्हॉलीबॉल. कोर्ट १० मीटर बाय ६ मीटर, म्हणजे नेहमीच्या व्हॉलीबॉलपेक्षा कितीतरी लहान, नेट पुरुषांना १.१५ मीटर आणि महिलांना १.०५ मीटर उंच, म्हणजे एवढीएवढीशी. नियम मुख्य एकच, बॉलला हात लावताना बूड जमिनीवर टेकलेलं पाहिजे. शाळेचा हॉल किंवा व्हरांडा असेल तर सतरंजी काढून फरशीवर, नाहीतर सारवलेल्या जागेवर, नेटच्या जागी दोरीवर जुनी साडी टाका. दोन्ही पाय धड असलेली पोरं या खेळात अक्षरशः लटपटतात कारण त्यांना हातांनी सरकायची सवय नाही, पाय कुठं ठेवावेत तेच कळत नाही. आणि तुमची ती मुलगी सरसर सरकत जाते. त्या दिवशी टीम पाडताना तिला पहिलं मागतील. मागतीलच, मी लिहून देते.

अंध मुलासाठी गोलबॉल. दुसऱ्या महायुद्धात डोळे गेलेल्या सैनिकांसाठी १९४६ च्या सुमारास हा खेळ निघाला. दोन्हीकडं तीन तीन खेळाडू, कोर्ट १८ बाय ९ मीटर, गोल अख्ख्या ९ मीटरचा, आणि बॉलमध्ये घुंगरू. बॉल जमिनीवरून घरंगळत टाकायचा, समोरच्यांनी आवाजावरून अंग झोकून अडवायचा. सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी, ज्याला थोडं दिसतं त्यालाही आणि ज्याला काहीच दिसत नाही त्यालाही. स्पर्धेचा बॉल सव्वा किलोचा असतो आणि महाग पडतो, पण शाळेत शिकायला तो कशाला पाहिजे, साधा फुटबॉल घ्या आणि प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगमध्ये घट्ट बांधा, खरखर आवाज येतो, काम भागतं. कोर्टाच्या रेषा सुतळी टाकून वरून चिकटपट्टी लावून करतात, म्हणजे हातापायाला लागून कळतं आपण कुठं आहोत.

हा खेळ एकदा एका गावात शाळेच्या पटांगणात चालू होता. पाराकडचे एक आबा काठी टेकत आले, अंध पोरगं बघून आधी "अरेरे, देवानं असं करायला नव्हतं पाहिजे" वगैरे म्हणत उभे राहिले. थोड्या वेळानं खेळ रंगात आला आणि आबा ओरडायला लागले, "आरं डावीकडं! डावीकडं पड की!" आणि ते अंध पोरगं पट्टीखालूनच जोरात म्हणालं, "आबा, गप बसा हो, बॉल ऐकू येईना." गोलबॉलमध्ये बॉल चालू असताना प्रेक्षकांनी गप राहायचा नियमच आहे. आबा खरंच गप बसले. पॉइंट झाल्यावरच ओरडले. त्या पोराला आयुष्यात पहिल्यांदा गावातला मोठा माणूस त्याच्या चुकीवर रागावला आणि त्यानंही उलटून सांगितलं, असं बरोबरीचं बोलणं दयेतून कधीच होत नाही.

याला अभ्यासाचाही आधार आहे. गॉर्डन ऑलपोर्ट नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५४ सालीच मांडून ठेवलं होतं की पूर्वग्रह नुसतं एका खोलीत बसवल्यानं जात नाहीत, त्याला चार गोष्टी लागतात: दर्जा सारखा, ध्येय एक, ते गाठायला एकमेकांची गरज, आणि वरच्या माणसाचा पाठिंबा. टीमच्या खेळात पहिल्या तिन्ही आपोआप येतात. चौथी तुम्ही आहात सर.

एक मात्र करू नका. ३ डिसेंबरला दिव्यांग दिनाला पोरांच्या डोळ्यावर पट्टी बांधून दहा मिनिटं व्हरांड्यातून चालवायचं आणि मग "बघा अंधांना किती त्रास होतो" म्हणायचं, असे कार्यक्रम आता बऱ्याच शाळांत होतात. त्यातून पोरांना फक्त भीती आणि कीव कळते, कारण अंध माणूस ज्या कौशल्यानं रोज चालतो ते कौशल्य दहा मिनिटांत येत नाही. गोलबॉल खेळवा, म्हणजे पट्टी बांधूनसुद्धा कुणीतरी आपल्यापेक्षा भारी आहे हे कळतं.

इजेचं म्हणाल तर खरचटेल, कोपर सोलेल. पालकांना आधी बोलावून खेळ दाखवा, लेखी संमती घ्या, फरशीवर पडायचं तर गुडघ्याला कोपराला जुन्या सॉक्सचं पॅड करा. बाकीच्या ३८ जणांना जेवढं लागतं तेवढंच या दोघांना लागेल.

अंध मुलाला क्रिकेटचं वेड असेल, असणारच, तर तेही सांगून ठेवा की अंधांचं क्रिकेट वेगळं आणि जोरदार आहे. बॉल कडक प्लॅस्टिकचा, आत छर्रे, खालच्या हातानं टाकायचा. बॉलर आधी "रेडी?" विचारतो, बॅट्समन "येस" म्हणतो, मग "प्ले" म्हणून बॉल सुटतो. टीममध्ये पूर्ण अंध खेळाडू किमान चार लागतातच आणि त्यांनी काढलेल्या रन दुप्पट धरतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये कोलंबोत अंध महिलांचा टी-२० वर्ल्डकप झाला तो भारताच्या पोरींनी फायनलला नेपाळला हरवून जिंकला, उपकर्णधार आपल्या महाराष्ट्राची गंगा कदम होती.

"ताई, मी देगलूर भागातला, वय २४. ट्रॅक्टर पलटी होऊन मणक्याला मार बसला, कमरेखाली हालचाल नाही. शहरात व्हीलचेअर बास्केटबॉल खेळतो. आमच्या मॅचला लोक येतात, मोबाईल काढतात, मागं रडकं गाणं टाकून रील करतात. पुढारी शाल-नारळ देतात, 'तुमच्याकडून प्रेरणा मिळते' म्हणतात. पण रूम भाड्यानं मागितली तर 'तुम्हाला कसं जमंल' म्हणतात, कामाला गेलो तर बघून घेतो म्हणतात. मग नजर कुठं बदलली? मला तर वाटायलंय फक्त दयेचा रंग बदलला." – एक खेळाडू

अरे, अगदी बरोबर बोललास, आणि हे तूच सांगायला पाहिजे होतं.

दोन प्रकारचे बघणारे असतात. एक तुला बघून स्वतःला बरं वाटून घेतो, "याचं असं असून हा एवढं करतो, मग आपण कशाला रडायचं" म्हणतो आणि घरी जातो. त्याला तुझा स्कोअर विचार, सांगता येणार नाही. दुसरा तुझी मॅच बघतो. त्याला कळलेलं असतं की बास्केट नेहमीच्याच उंचीवर आहे, १० फूट, बसलाय म्हणून कुणी खाली आणलेली नाही, की खुर्ची दोनदा ढकलली की बॉलला टप्पा द्यावाच लागतो, की प्रत्येक खेळाडूला १ ते ४.५ असे गुण असतात आणि कोर्टवरच्या पाच जणांची बेरीज १४ च्या वर जाऊ द्यायची नाही, म्हणून कोच कधी चांगल्या खेळाडूला बाहेर बसवून १ गुणवाल्याला का आत घेतो. तुझ्या खुर्चीची चाकं तिरकी का असतात हे ज्या माणसाला कळलं, की वळताना ती पटकन फिरते आणि धडकेत बोटं चेंगरत नाहीत, तो माणूस परत तुझ्याकडं बिचारा म्हणून बघूच शकत नाही. कमी आपल्याकडं या दुसऱ्या माणसाची आहे.

आणि तो घडवता येतो. सचिन खिलारीचं बघ, सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यातला. पॅरिसला गोळाफेकीत एफ-४६ गटात, म्हणजे हाताला अपंगत्व असलेल्यांच्या गटात, १६.३२ मीटर फेकून रौप्य. बातम्यांत हाताचं काय झालं, परिस्थिती कशी होती हे भरपूर आलं, पण खरा थरार ऐक, सोनं गेलं १६.३८ ला. सहा सेंटिमीटर! कॅनडाच्या ग्रेग स्टुअर्टनं नेलं. ही गोष्ट अशी सांगितली की चहाच्या टपरीवरचा माणूससुद्धा "आयला, सहाच सेंटिमीटर?" म्हणतो आणि त्याच्या तोंडून हाताचा विषय निघतच नाही. तुमच्या टीमचं पेज तुम्ही स्वतः चालवा, स्कोअर टाका, कुणी किती पॉइंट केले ते टाका, हरलात तर कशामुळं हरलात ते टाका, रडकं गाणं न लावता शिट्टीचा आणि खुर्च्या आदळल्याचा आवाज तसाच ठेवा. जो रील करायला येईल त्याला आधी नियम सांगा.

तुझ्यासारख्या मणक्याच्या दुखापतवाल्यांपासूनच तर हे सगळं सुरू झालं. लुडविग गुटमान नावाचे ज्यू न्यूरोसर्जन, नाझी जर्मनीतून निसटून इंग्लंडला आले, तिथं स्टोक मँडेव्हिल हॉस्पिटलमध्ये १९४४ ला मणक्याच्या रुग्णांचा विभाग त्यांच्याकडं आला. त्या काळात असा माणूस बेडसोअर (एकाच जागी पडून राहून होणाऱ्या जखमा) आणि लघवीच्या इन्फेक्शननं थोड्याच काळात जाणार असंच डॉक्टर धरून चालायचे, त्याला कामाला लावायचा विचारच नव्हता. गुटमाननी त्यांना खेळायला लावलं, आणि २९ जुलै १९४८ ला, लंडन ऑलिम्पिक सुरू झालं त्याच दिवशी, हॉस्पिटलच्या हिरवळीवर १६ जणांची तिरंदाजी घेतली. बारा वर्षांनी १९६० ला रोममध्ये पहिलं पॅरालिम्पिक. म्हणजे पहिली नजर बदलली ती डॉक्टरांची, मग रुग्णांची स्वतःची, गावाची सगळ्यात शेवटी. हा क्रम आजही तोच आहे.

आणि गावाला, देशाला वेळ लागतो रे. मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले, १९७२ ला जर्मनीत हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात सोनं आणलं, भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण, आणि पद्मश्री मिळाली २०१८ ला. ४६ वर्षं. याचा मला राग येतो, आणि तो यायलाच पाहिजे. पण त्याच देशानं रिओला २०१६ मध्ये ४ पदकं, टोकियोला १९ आणि पॅरिसला २९ आणली, आणि आता पोरांना भालाफेकीतला सुमित, नेमबाजीतली अवनी लेखरा ही नावं पाठ असतात.

तरीही तुझा मुद्दा उरतोच, रूम आणि नोकरी. खेळानं रॅम्प बांधला जात नाही, एसटीची पायरी खाली येत नाही. ते कायद्यानं आणि भांडून मिळवावं लागतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण आहे, तुझं प्रमाणपत्र ४० टक्क्यांच्या वर असणारच, तेव्हा त्या जाहिरातींवर लक्ष ठेव. आणि शाल-नारळवाल्या पुढाऱ्याकडं स्टेजवरच माईक माग. चार लोकांसमोर सांग की शाल नको, स्टेडियमच्या संडासाचं दार २५ इंचांचं आहे आणि खुर्ची २७ ची, ते मोठं करून द्या. तिथली मापं आधी स्वतः टेप लावून घे, मग सांग. आकडा सांगितला की भाषण करता येत नाही समोरच्याला.

"माझी बहीण १६ वर्षांची, ऐकू येत नाही, बोलताही येत नाही. कबड्डी जबरदस्त खेळते. सर्टिफिकेट १०० टक्क्याचं आहे. ती पॅरालिम्पिकला जाऊ शकते का?" – एक भाऊ, जालना

पॅरालिम्पिकला नाही, तिथं कर्णबधिर हा गटच नाही. कर्णबधिरांचं स्वतःचं डेफलिम्पिक आहे, ते पॅरालिम्पिकच्याही आधीचं, १९२४ ला पॅरिसला पहिलं झालं. तिथं बंदुकीच्या आवाजाऐवजी लाईट लावून शर्यत सुटते. बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठी १९६८ पासून स्पेशल ऑलिम्पिक आहे. लोक हे तिन्ही एकच समजतात आणि लेकरांची वर्षं चुकीच्या दारात जातात.

आणखी एक, सर्टिफिकेटवरचे टक्के सरकारी योजनांसाठी असतात. खेळातला गट त्यावरून ठरत नाही, तो शरीर त्या विशिष्ट खेळात काय करू शकतं हे तपासून ठरतो. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, मात्र काढून ठेवा, इथल्या स्पर्धांना लागतं.

आता कबड्डी. चढाईला दम घुमवावा लागतो, सतत "कबड्डी कबड्डी" ऐकू यायला पाहिजे, तिथं तिला अडचण येईल, म्हणून मॅचआधी पंचांशी बोलून घ्या. पण पकडीला काय अडतंय? कोपऱ्यावर उभी करा. घोटा पकडायला कान लागत नाहीत. शिट्टी तिला ऐकू येणार नाही, तेवढं पंचांना हात वर करायला सांगा. शाळेच्या नेहमीच्या टीममध्येच खेळवा आधी, आणि टीममधल्या पोरींना चार-पाच खुणा शिकवा, मागं हो, साखळी धर, डावीकडून, एवढंच. त्या पोरी मैदानाबाहेरही तिच्याशी खुणांनी बोलायला लागतील.

"मी ३१ वर्षांची, पायाला अपंगत्व, बँकेत नोकरी करते. ऑफिसमध्ये, घरी सगळे म्हणतात शीतल देवीला दोन्ही हात नाहीत तरी पायानं बाण मारते, तुम्ही पण काहीतरी खेळा की. मला खेळात अजिबात रस नाही. मी चुकते का?" – एक वाचक, धाराशिव

अजिबात नाही. शीतल देवी १७ व्या वर्षी पॅरिसहून पदक घेऊन आली कारण तिला तिरंदाजी करायची होती आणि ती त्यात अफाट आहे. नीरज चोप्रा भाला फेकतो म्हणून आपण बँकेतल्या धडधाकट साहेबांना "तुम्ही पण फेका की" म्हणतो का? तुमच्या ऑफिसवाल्यांना एवढंच विचारा. एका दिव्यांग खेळाडूचं यश दुसऱ्या दिव्यांग माणसाच्या अंगावर ओझं म्हणून टाकलं तर नजर बदललीच नाही. तुम्हाला वाचायला आवडत असेल तर वाचा, झोपायला आवडत असेल तर रविवारी मस्त झोपा. तब्येतीसाठी व्यायाम लागतोच, तो सगळ्यांनाच लागतो, त्याबद्दल डॉक्टरांशी बोला, शेजाऱ्यांशी नको.

"ताई, मी गेवराई तालुक्यात ग्रामपंचायत सदस्य आहे. आमच्या गावात आठ-दहा दिव्यांग पोरं आहेत. ग्रामपंचायतीचा दिव्यांगांचा ५ टक्के निधी असतो तो दरवर्षी मार्चमध्ये थोडा थोडा वाटून टाकतात. त्यातून खेळाचं काही करता येईल का?"

भाऊ, तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. निधी ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नाच्या ५ टक्के आणि तो दिव्यांगांच्या कल्याणासाठीच खर्चायचा असतो. वाटून माणशी किती येतं ते तुम्हालाच माहिती. म्हणून आधी त्या पोरांना आणि त्यांच्या आई-बापाला बोलावून विचारा, पैसे हातात पाहिजेत की काही सामायिक करायचं. काहींना औषधपाण्याला खरंच पैसे लागत असतील, त्यांचं थांबवू नका. बाकीच्यांची मागणी लेखी घ्या आणि ग्रामसभेत ठेवा, ठरावात "खेळाचे साहित्य व मैदानापर्यंत रस्ता" असं स्पष्ट लिहून घ्या. २०१६ च्या कायद्याचं कलम ३० दिव्यांगांच्या खेळाबद्दलच आहे, खेळाच्या सोयी त्यांना वापरता येतील अशा करायची जबाबदारी सरकारवर टाकलेली आहे, कुणी "असं बसत नाही" म्हणालं तर त्या कलमाची झेरॉक्स सोबत ठेवा.

खर्च कुठं करायचा, तर आधी वाट. गावाचं मैदान असतं पण रस्त्यापासून मैदानापर्यंत काळ्या मातीचा चिखल असतो, पावसाळ्यात धडधाकट माणसाची चप्पल रुतते तिथं तीनचाकी सायकल काय जाणार. तेवढा तुकडा मुरूम टाकून दाबून घ्या, रुंदी चार फुटांच्या खाली नको. मग एक व्हॉलीबॉल, एक नेट, एक फुटबॉल. घुंगरांचा बॉल पुढच्या वर्षी. आणि बाकीच्या गावातल्या पोरांनाही त्यातच खेळायला लावा, वेगळा "दिव्यांगांचा वार" ठेवू नका. काम मार्चच्या आत बसवायचं तर ठराव दिवाळीनंतरच्या ग्रामसभेतच घ्या, ग्रामसेवकांना आत्ताच गाठा.